नळीमास्तरांचा सूर

"चढा आहे," नळीमास्तर म्हणाले.

बाईंनी सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन खांद्यावरून खाली घेतला, मागची ट्यूनिंगची नळी बोटभर बाहेर ओढली आणि पुन्हा फुंकर मारली.

"अजून चढाच. बाई, सूर लावताय की वरच्या मजल्यावरच्यांना हाका मारताय?"

नळी आणखी थोडी बाहेर आली. या वेळी मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली. ते कौतुक नव्हतं. आता दातओठ खायची गरज उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

"हां. आता वाजवा. नळीच्या सातही जागा, वरून खाली. आणि पुढची नळी सरकवा, ढकलू नका. तो कपाटाचा खण नाही."

बुधवार-शनिवार, संध्याकाळी पाच ते सहा. मास्तरांच्या घराची मागची खोली, तिच्यात दोन खुर्च्या, एक लोखंडी स्टँड, बायकोचं शिवणयंत्र आणि नळीवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. खिडकी मागच्या अंगणात उघडत असे. पूर्वी या खोलीत पाच-सहा शिकाऊ असत. मास्तरांनी एकेकाला बोलून बोलून वाटेला लावलं होतं. एकाला म्हणाले, तू कुलपं दुरुस्त कर. दुसऱ्याच्या बापाला बोलावून सांगितलं, याच्या दोन कानांच्या मध्ये काही सापडलं तर मला कळवा. आता बाई एकट्याच उरल्या होत्या.

मास्तरांचं वय एकाहत्तर. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात काढली. नळ, कोपरे, झडपा, वायसर, कुणाला किती दिले आणि कुठे बसवले, एवढंच काम. संध्याकाळी खात्याच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन. दिवसा नळ आणि संध्याकाळी नळी, म्हणून कुणीतरी चेष्टेने नळीमास्तर म्हटलं, आणि मास्तरांनी ती चेष्टा पदवीसारखी लावून घेतली. नोकरीत त्यांना एकही बढती मिळाली नाही. घर भाड्याचं. एक मुलगी, लग्न होऊन लांब गेलेली. सांगण्यासारखं असं आयुष्यात एकच होतं, कान.

तो कान खरोखरच होता. तरुणपणी बँडचे जुने प्रमुख गंमत म्हणून बादलीवर चमचा मारत आणि विचारत, कुठला सूर? मास्तर पाठ फिरवून सांगत. पेटीवर वाजवून बघितलं की तोच निघे. सूर त्यांच्या डोक्यात घर करून होता. तो शोधावा लागत नसे, आणि जन्माला आल्यापासून आपल्याला सगळं माफ आहे, अशी मास्तरांची त्यामुळेच समजूत झाली होती. त्यांच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते. ज्यांना कान नाही ते, आणि कान नाही हेही ज्यांना कळत नाही ते. दुसऱ्या प्रकारातले बहुतेक लोक ट्रम्पेट वाजवत.

बाई आल्या तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. उंचीने बेताच्या, केस आखूड कापलेले, हातात भाड्याने आणलेला ट्रॉम्बोन. इस्पितळात कान तपासायच्या खोलीत काम करत होत्या. पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "या वयात हे खूळ कशाला?"

"दिवसभर मी बंद खोलीत लोकांना बारीक बारीक आवाज ऐकवते," बाई म्हणाल्या. "ऐकू आलं की बटण दाबायचं. बावीस वर्षं तेच. मला एकदा मोठा आवाज काढायचा होता."

"मग भांडी आपटायची. स्वस्तात झालं असतं."

बाई रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. "पहिली जागा कुठली?" एवढंच त्यांनी विचारलं.

मास्तरांनी शिकवलं, कारण शिकवणं त्यांना येत होतं. पहिली जागा म्हणजे नळी पूर्ण आत, पण आपटायची नाही, केसभर फट ठेवायची. तिसरी भोंग्याच्या कडेच्या जरा अलीकडे, चौथी जरा पलीकडे. सहावीला कोपर सरळ. सातवीला खांदाही द्यावा लागतो. नळी जितकी बाहेर जाईल तितका सूर खाली.

"नळीवर खुणा का नसतात?" बाईंनी विचारलं.

"रात्री उठून पाणी प्यायला जाता तेव्हा भिंतीवर खुणा असतात का? जाता ना बरोबर?" मास्तर म्हणाले. "आणि खूण करणार कुठे? दुसऱ्या जागेतला तो वरचा सूर मुळातच उतरलेला येतो, त्याच्यासाठी हात थोडा अलीकडे घ्यावा लागतो. म्हणजे दुसरी जागासुद्धा एक नाही. पियानोवाल्यांना हे कधी कळायचं नाही. त्यांना सूर टेबलावर मांडून दिलेले असतात, आयते."

बाईंचा हात सातव्या जागेपर्यंत पोचत नव्हता. "देवाने हात देताना आखडता घेतला," मास्तर म्हणाले, "तुमच्या जागा सहाच समजा." दोन महिन्यांनी बाईंनी मनगट सैल सोडून, बोटांच्या टोकांनी दांडा धरून सातवी गाठली. मास्तरांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिकारी कुत्र्यालासुद्धा शिकवलं की येतं."

दहा महिने झाले. बाई एकदाही चुकल्या नाहीत, म्हणजे यायच्या चुकल्या नाहीत. एकच गोष्ट मास्तरांना खटकत असे. शनिवारी त्यांनी ट्यूनिंगची नळी अगदी जागच्या जागी आणून दिलेली असे, आणि बुधवारी बाई पेटी उघडत तेव्हा ती पुन्हा आत गेलेली असे.

"घरी ही नळी कोण हलवतं?"

"पेटीत हलत असेल," बाई म्हणत.

"पेटीत! यंत्राला पाय फुटले म्हणायचे."

बाई खाली बघून नळी ओढायला लागत. मास्तर बस म्हणतील तिथे थांबत.

*

बँड मास्तरांनी चार वर्षांपूर्वी सोडला होता. सोडला हा त्यांचा शब्द. झालं होतं ते असं, की गेली काही वर्षं सगळा बँडच हळूहळू चढायला लागला होता. आधी लाकडी वाद्यं, मग ट्रम्पेट, मग सगळेच. मास्तर वैतागून जात. हल्ली सगळ्यांना घाई झाली आहे, सूरसुद्धा चढवून ठेवतात, लोकांना चकचकीत वाटावं म्हणून, असं ते घरी येऊन बायकोला सांगत. पहिला बळी पडला तो त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ. टपाल कचेरीत पत्रं निवडणारा, अबोल माणूस. तीस वर्षं त्याने बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली होती. त्या वर्षी त्याने नवी कवळी बसवून घेतली होती. एका तालमीत मास्तरांनी सगळ्यांसमोर वाजवणं थांबवलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा सूर चढतोय. दात गेले की असंच होतं. आता पुरे करा. उगीच सगळ्यांना त्रास."

मेहुण्याने क्लॅरिनेट तोंडातून काढली. तिचे तुकडे सुटे केले, एकेक पुसला, पेटीत ठेवला. पुन्हा तो तालमीला आला नाही.

वर्षभराने बँडचं प्रमुखपद फुग्याकडे आलं. फुग्या म्हणजे मास्तरांचाच जुना विद्यार्थी. वाजवताना गाल फुगवायचा म्हणून मास्तरांनी हे नाव ठेवलं होतं, आणि आता त्याला पन्नाशी आली तरी ते सुटलं नव्हतं. एके दिवशी हा फुग्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचा सूर जरासा उतरतोय. नळी थोडी आत घेता का?"

मास्तरांनी नळी आत घेतली नाही. मग ट्रॉम्बोन पुसून पेटीत ठेवला. "नाचता येईना अंगण वाकडं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि इथे तर सगळे मिळून अंगण खणायला निघालेत." त्या दिवसापासून ते घरीच.

मेहुणा दोन वर्षांपूर्वी गेला. मास्तर अंत्ययात्रेला गेले. परत येताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. मेहुण्याची क्लॅरिनेट कुणी घेतली, ते त्यांनी विचारलं नाही.

*

"तुमच्या बाई काल जुन्या पंपघरात शिरताना दिसल्या," बायको एका शुक्रवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "हातात ती लांब पेटी होती."

मास्तर वर्तमानपत्रातून वर बघायला तयार नव्हते. "काय?"

"पंपघरात. गुरुवारी बँडची तालीम असते ना तिथे."

"मला माहीत आहे तिथे काय असतं."

पुढच्या गुरुवारी मास्तर चप्पल घालून बाहेर पडले. बायकोने कुठे म्हणून विचारलं नाही.

पंपघरातले पंप कधीच काढून नेले होते. जमिनीतून त्यांचे जाड बोल्ट तेवढे वर आलेले, आणि त्यांच्यामधून खुर्च्या मांडलेल्या. मास्तर दाराशी उभे राहिले. वीस-बावीस जण वाजवत होते. डाव्या बाजूला, तिसऱ्या खुर्चीत, बाई. पाठ ताठ, मनगट सैल, नळी अशी जात-येत होती की मास्तरांना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी ऐकलं.

चढा. सगळाच्या सगळा बँड चढा, आणि बाई त्यांच्याबरोबर तेवढ्याच चढ्या. कुणी जास्त नाही, कुणी कमी नाही. बावीस माणसं जणू एकमेकांना विचारून चुकत होती.

तुकडा संपला तशी मास्तरांनी टाळी वाजवली. एकच.

"वा! दहा महिने घाम गाळला मी, आणि हे इथे येऊन उधळलं. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या."

बाई उठून उभ्या राहिल्या. कान लाल झाले होते. फुग्याने लगबगीने खुर्ची ओढली. "मास्तर, या ना. बसा."

"बसून काय करू? ऐकायला कुणाला येतं इथे?" मास्तर सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाले. "तू गाल फुगव, फुग्या. तेवढं तुला छान जमतं. आणि बाई, तुम्ही बुधवारी येऊ नका."

"मी येईन," बाई म्हणाल्या.

"दार उघडणार नाही."

"तरी येईन."

मास्तर वळून दाराकडे चालू लागले. ते बाहेर आले, आणि तेव्हा कुठे आत एक माणूस खोकला.

*

बुधवारी पाच वाजता बेल वाजली. मास्तर मागच्या खोलीत खुर्चीत बसून राहिले. दार बायकोने उघडलं. बाई आत आल्या, त्यांच्या हातात आज पेटी नव्हती.

"वाद्य न आणता शिकायला? प्रगती आहे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमच्याकडे नादकाटा आहे का?"

"मला कशाला लागतो नादकाटा? माझा इथे आहे." त्यांनी कानशिलावर बोट टेकवलं.

"शिवणयंत्राच्या खणात आहे," बायको दारातून म्हणाली. "तुमच्या जुन्या साहेबांनी दिलेला." आणि कुणी सांगायच्या आत तिने खण उघडून बॉबिनांच्या खालून तो काढला. दोन शिंगांचा, मारला की नेमका एकच सूर देणारा पोलादी काटा, मऊ कापडात गुंडाळलेला. बँडच्या जुन्या प्रमुखांनी निवृत्त होताना तो मास्तरांना दिला होता. तुला लागणार नाही, पण ठेव, असं म्हणून.

"वाजवा," बाई म्हणाल्या.

"का?"

"मी सांगते म्हणून नको. तुमची खात्री आहे म्हणून वाजवा."

हे मास्तरांना आवडलं. त्यांनी काटा गुडघ्यावर मारला आणि कानाशी धरला.

डोक्यातला सूर होता तिथेच होता, साठ वर्षं होता तिथे. आणि कानाशी काटा वाजत होता, त्याच्या वर. पंपघरातला बँड जेवढा वर होता, तेवढाच.

"बिघडलाय," मास्तर म्हणाले.

"काटा?"

"पडून पडून बिघडलाय. पडलेलं लोखंड..." वाक्य तिथेच राहिलं. चौतीस वर्षं त्यांनी धातू हाताळला होता. काट्याची टोकं कुणी घासली तर सूर चढतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खिडकीशी जाऊन एका टोकावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. टोकं गुळगुळीत होती, कडा जशाच्या तशा. गंजाचा एक ठिपका नव्हता. त्यांनी काटा पुन्हा मारला, उजव्या कानाशी धरला, मग डाव्या. मग दाताने दांडी धरली. सगळीकडून तोच सूर आला.

मास्तरांनी काटा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"कधीपासून कळलं तुम्हाला?" मास्तरांनी खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"पहिल्या दिवशी. तुम्ही नळी ओढायला लावलीत तेव्हा. घरी जाऊन मोबाइलवर ताडून बघितलं."

"आणि दहा महिने गप्प! इथे माझा सूर, घरी त्या बँडवाल्यांचा. म्हाताऱ्याची कीव आली?"

"कीव नाही," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. "मी रोज वीस जणांचे कान तपासते. त्यातले पंधरा म्हणतात, तुमचं मशीन खराब आहे. तुम्हीसुद्धा तेच म्हणाला असतात. आत्ता म्हणालातच. मला भांडायचं नव्हतं, मला वाजवायला शिकायचं होतं. सातही जागांमधली अंतरं तुम्ही शिकवलीत ती नेमकी आहेत. बँडमध्ये एकाचाही हात तसा नाही. फक्त सुरुवात खाली आहे. घरी नेली की मी नळी आत ढकलत होते, बस."

मास्तर हसायला गेले, पण तोंड वाकडं झालं. "म्हणजे जग बरोबर आणि मी चूक. सोपं आहे."

"वय झालं की होतं असं काही जणांना. ज्यांच्या डोक्यात पक्का सूर असतो ना, त्यांनाच जास्त कळतं. बाकीच्यांना पत्ताच लागत नाही. सगळं थोडं वर ऐकू येतं. तुमच्या बाबतीत जवळजवळ अर्धा सूर असावा."

"औषध?"

"नाही."

बायको अजून दारात उभी होती. हातातलं नादकाट्याचं फडकं ती मघापासून दुमडत होती आणि उलगडत होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "भाऊ बरोबर होता."

मास्तरांनी मान वळवली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती फडकं खणात ठेवायला वाकली, खण लावला, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला.

*

मास्तर इस्पितळात गेले. कागदावर लिहून मिळाल्याशिवाय ते मानणाऱ्यातले नव्हते. गादीच्या भिंतींच्या त्या छोट्या खोलीत कानांवर हेडफोन लावून बसले आणि ऐकू आलं की बटण दाबत राहिले. काचेपलीकडे बाई खाली मान घालून लिहीत होत्या. मग त्यांनी एकेक सूर ऐकवला आणि तो कुठला ते सांगायला लावलं. मास्तरांनी सगळे सांगितले, एकाही वेळी न अडखळता, पूर्वी बादलीचा सांगत तसे. सगळे चुकले. सगळे सारखेच चुकले.

"या वयाच्या मानाने ऐकू चांगलं येतं तुम्हाला," बाई बाहेर येऊन म्हणाल्या.

"तेच तर," मास्तर म्हणाले.

तिथून ते घरी गेले नाहीत. पायीच पंपघराकडे निघाले. तालमीचा दिवस नव्हता, पण फुग्या तिथे खुर्च्यांचे पाय दुरुस्त करत बसलेला असतो, हे त्यांना माहीत होतं. एरवी ते म्हणाले असते, याला तेवढंच काम शोभतं. आज ते एका बोल्टवर बूट टेकवून उभे राहिले आणि त्याचं काम संपायची वाट बघत राहिले.

"माझ्या मेहुण्याला मी उठवलं इथून," ते शेवटी म्हणाले. "त्याचा सूर कसा होता?"

फुग्याने हातोडी खाली ठेवली. त्याला उत्तर द्यायचं नव्हतं, ते दिसत होतं.

"खरं सांग. तुझे गाल फुगव, पण खरं सांग."

"बरोबर होता, मास्तर. मी त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा. सांगितलं, तुमचा सूर बरोबर आहे, या परत. बाकीच्यांनीही सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, तो म्हणतोय ना, मग चढत असेल. त्याचा कान चुकायचा नाही." फुग्या हातोडीकडे बघत हळूच म्हणाला, "हसत म्हणाले. अभिमान होता त्यांना तुमचा."

मास्तरांनी बोल्टवरचा बूट खाली घेतला. हयातभर त्यांनी ज्यांना ज्यांना बहिरं ठरवलं होतं, त्यांची रांग फार लांब होती. पण त्या रांगेतल्या एकानेच त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली होती. बाकीच्यांनी शिव्या घातल्या आणि वाजवत राहिले. शहाणे होते.

"शेवटची खुर्ची रिकामी आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"ट्रॉम्बोनची? तुम्ही आलात तर पहिलीच..."

"शेवटची विचारली मी. ऐकू येत नाही का तुला?" ते सवयीने खेकसले, आणि मग आपल्याच वाक्यावर थबकले. फुग्या हसला नाही. त्याने नुसती मान हलवली आणि हातोडी उचलली.

*

घरी काही बदललं नाही. बायको वेळेवर चहा देत होती, विचारलं तेवढं बोलत होती. एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, "अगं, भाऊंची ती क्लॅरिनेट कुठे आहे?"

"त्याने विकून टाकली होती. तुम्ही सांगितल्यावर दुसऱ्याच महिन्यात."

"मला कसं कळलं नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

 मास्तर मागच्या खोलीत गेले. चार वर्षं न उघडलेली आपली पेटी त्यांनी उघडली, नळीवरचा जुना चिकट थर पुसला, फवारा मारला. फुंकर मारली तर ओठ दहा मिनिटांत सुजले. सुरुवात करणाऱ्या पोरासोरांचे सुजतात तसे. या म्हाताऱ्याला कुलपं दुरुस्त करायला सांगा, असं त्यांच्या मनात आलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांची टिंगल योग्य माणसाच्या वाट्याला आली.

खरी अडचण तालमीत कळली. ट्यूनिंगची नळी बाई सांगतील तिथे आत ढकलणं सोपं होतं. पण वाजवायला लागलं की कान आतून ओरडत असे, चढा, चढा, आणि मास्तरांच्या नकळत हात बाहेर सरकत असे. दुसरी जागा तिसरीकडे निघे, चौथी पाचवीकडे. साठ वर्षं ज्याचं ऐकलं त्याचं आता ऐकायचं नाही, हे हाताला समजत नव्हतं. "मास्तर, उतरला," बाई ओठ न हलवता म्हणत. शेजारचा ट्रम्पेटवाला वळून बघे. मास्तर त्याच्याकडे असे बघत की तो पुन्हा समोर वळे. पण हात आत घेत.

बागेतल्या चौथऱ्यावर बँड रविवारी दुपारी वाजवत असे. त्या रविवारी ऊन चांगलं होतं. लाकडी बाकांवर पन्नासेक माणसं होती. म्हातारे, मुलांच्या गाड्या घेऊन आलेल्या आया, वाट चुकल्यासारखे उभे राहिलेले दोन-तीन जण. मास्तर घरातून निघाले तेव्हा बायको म्हणाली होती, मी येत नाही. आता ती उजव्या टोकाच्या बाकावर एकटी बसलेली दिसत होती. त्या बाजूला क्लॅरिनेटवाले बसत, आणि ती त्यांच्याकडे वळून बसली होती. मास्तरांकडे तिची पाठच होती म्हटलं तरी चालेल.

फुग्याने काठी उचलली.

पहिलाच सूर मास्तरांच्या कानावर उलट्या वस्तऱ्यासारखा लागला. बावीस वाद्यं, बावीसच्या बावीस चढी, आणि तेविसावा त्यांचा स्वतःचा, तोही चढा. जन्मभर ज्याला त्यांनी खोटं म्हटलं असतं ते तोंडाने वाजवत ते बसले होते. हात बाहेर निघाला. त्यांनी तो थांबवला.

मग त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली. शेजारच्या खुर्चीत बाईंचा आखूड हात, मनगट सैल, नळी घेऊन जात होता आणि येत होता. तिसरी, भोंग्याच्या कडेच्या अलीकडे. चौथी, पलीकडे. दुसरी, वरच्या सुराची, थोडी आत. मास्तरांनी समोरचा कागद सोडून दिला आणि त्या हातावर नजर ठेवली. तो जिथे थांबे तिथे ते आपला थांबवत गेले, कानाला विचारल्याशिवाय, तुकडा संपेपर्यंत.